ब्रॉडवेचे जाळे आणि निर्मितीचा प्रश्न

वाङ्मयाचा इतिहास आपण बहुधा व्यक्तींच्या नावाने लिहितो. प्रकरणाला लेखकाचे नाव असते आणि त्याचे सोबती, प्रकाशक, प्रतिस्पर्धी 'पार्श्वभूमी' नावाच्या एका परिच्छेदात आटोपतात. या सवयीला धक्का देणारे काही काम व्यवस्थापनशास्त्रात झाले आहे, हे ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडेल. माझ्याही पडली होती. परंतु ब्रायन उझी या अमेरिकन प्राध्यापकाची अभ्यासयात्रा पाहिल्यावर ती बरीचशी सैल झाली.

उझी मुळात समाजशास्त्राचे. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक येथे डॉक्टरेट करून ते शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात केलॉग व्यवस्थापन संस्थेत अध्यापन करू लागले. आर्थिक व्यवहार सामाजिक नात्यांत रुजलेले असतात, हे मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1985 साली मांडले होते. विधान आकर्षक होते, पण फार मोघम. उझी ते घेऊन थेट न्यूयॉर्कच्या तयार कपड्यांच्या धंद्यात शिरले. स्त्रियांचे उंची कपडे बनवणाऱ्या 23 लहान-मोठ्या उद्योगांत त्यांनी मुलाखती घेतल्या, कामकाज जवळून पाहिले. 1997 च्या त्यांच्या निबंधातील एक प्रसंग एखाद्या कथेत शोभावा असा आहे. एक उत्पादक आपले सारे काम आशियात हलवणार होता. ही बातमी आधीच फुटली तर शिवणकाम करून देणारे कंत्राटदार उरलेल्या कामात हयगय करतील, हे त्याला ठाऊक होते. तरीही ज्यांच्याशी जुने, विश्वासाचे संबंध होते, त्यांना त्याने स्वतः आधी सांगितले. बाकीच्यांना सांगितले नाही.

अशा नात्यांतून विश्वास, बारीकसारीक माहिती आणि अडचण मिळून सोडवण्याची तयारी या गोष्टी मिळतात, असे उझी म्हणतात. कामगार संघटनेच्या नोंदींवर आधारलेल्या 1996 च्या अभ्यासात घनिष्ठ संबंध असलेले कंत्राटदार अधिक टिकून राहतात, असे दिसले होते. मात्र एका मर्यादेपर्यंतच. सगळाच व्यवहार घरच्यांशी होऊ लागला की नवी बातमी येण्याची वाट बुजते. तारणारे नातेच पुढे कोंडमारा करते.

हेच सूत्र त्यांनी जॅरेट स्पायरो यांच्यासह रंगभूमीवर तपासले. 1945 ते 1989 या काळातील ब्रॉडवेच्या 474 संगीतिका आणि त्यांवर काम केलेले 2,092 कलावंत, असा हा पसारा आहे. संगीतकार, गीतकार, संहितालेखक, नृत्यदिग्दर्शक, दिग्दर्शक आणि निर्माता यांपैकी कोण कोणाबरोबर काम करून गेला, याचे जाळे त्यांनी मांडले. घट्ट कंपू आणि त्यांना जोडणारी मोजकी माणसे अशी रचना असलेल्या जाळ्याला 'लहान जग' म्हणतात. ते मोजण्याची रीत वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांनी 1998 साली दिली होती. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा निष्कर्ष असा: कंपू एकमेकांपासून तुटलेले असतात तेव्हा कल्पना जागच्या जागी राहतात, जोडणी वाढते तसे यश वाढते, पण एका टप्प्यानंतर सर्वांना सर्वांचे सारेच ठाऊक होते आणि आलेख खाली वळतो.

या निष्कर्षाला उदाहरण म्हणून 'वेस्ट साइड स्टोरी' (1957) सहज आठवते. लेनर्ड बर्नस्टीन आणि जेरोम रॉबिन्स यांनी 1944 पासूनच एकत्र काम केलेले. गीतकार स्टीफन सोंडहाइम मात्र 27 वर्षांचा, ब्रॉडवेवर अगदी नवखा. जुनी ओळख आणि नवे रक्त! पण इथेच थांबायला हवे. उझी-स्पायरो यांचे मापन एका चमूचे नाही, त्या काळच्या सबंध ब्रॉडवेचे आहे. 'चमूत एक नवखा घ्या' अशी पाककृती त्यातून काढणे म्हणजे हवामानाच्या अंदाजावरून एका झाडाची फळे मोजणे. याच सोंडहाइमने पुढे दिग्दर्शक हॅरॉल्ड प्रिन्स यांच्याबरोबर 1970 च्या 'कंपनी'पासून 1979 च्या 'स्वीनी टॉड'पर्यंत पाच संगीतिका केल्या. जोडी तीच, ओळख दर वेळी दाटत गेलेली, आणि तरीही हे त्याचे सर्वांत धाडसी दशक. सरासरीला अशा अपवादाची अडचण वाटत नाही. समीक्षकाला मात्र वाटलीच पाहिजे.

उझींचे पुढचे काम विज्ञानाच्या शोधनिबंधांकडे वळले. 2013 साली सहकाऱ्यांसह त्यांनी 1 कोटी 79 लाख निबंध तपासले. सर्वाधिक प्रभावी लेखन बव्हंशी अत्यंत रूढ संदर्भांवर उभे असते आणि त्यात थोडीशी अनपेक्षित जोड असते, असे त्यांना आढळले. परंपरा आणि व्यक्तिगत प्रज्ञा यांवरचा एलियटचा 1919 चा निबंध शिकवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही; तीच गोष्ट आकड्यांत मांडलेली पाहून थोडी गंमत मात्र वाटेल.

माझा खरा आक्षेप यशाच्या मोजमापावर आहे. ब्रॉडवेच्या अभ्यासात यश म्हणजे आर्थिक कामगिरी आणि त्या वेळच्या समीक्षकांचे अभिप्राय. सोंडहाइम-प्रिन्स यांची 'मेरिली वी रोल अलाँग' 1981 साली उद्घाटनानंतर 16 प्रयोगांत बंद पडली आणि दोघांची भागीदारी त्यानंतर अनेक वर्षे थांबली. कोणत्याही हिशेबात ते अपयशच. प्रिन्स 2019 साली गेले, सोंडहाइम 2021 साली. हीच संगीतिका 2023 मध्ये ब्रॉडवेवर परत आली आणि 2024 साली तिला सर्वोत्कृष्ट पुनर्निर्मितीचे टोनी पारितोषिक मिळाले.