गायक-नटांची उमेदवारी

गेल्या स्नेहसंमेलनांत आमच्या महाविद्यालयांतील एका विद्यार्थिनीनें एक जुनें नाट्यपद म्हटलें. बसून म्हटलें तेव्हां स्वर, लय, शब्दोच्चार, कशालाच नांव ठेवण्यास जागा नव्हती. पुढें त्याच पदाचा प्रवेश करून दाखविण्याचें ठरलें, आणि तीच मुलगी उभी राहतांच तिच्या गाण्यांतला जीव निम्मा झाला. हात कोठें ठेवावे हें तिला कळेना. समोरच्या पात्राकडे पाहावें तर ताल सुटे, आणि तबलजीकडे पाहावें तर प्रवेश सुटे. दोष तिचा नव्हता. गाणें शिकविणारे गुरु तिला भेटले होते. गात गात रंगभूमीवर वावरावयाचें कसें, हें शिकण्याची जागा मात्र तिला कोठें मिळाली नव्हती. अशी जागा कशी निर्माण होते आणि कशी नाहींशी होते याचा विचार करीत असतां अमेरिकेंतील एका उन्हाळी उपक्रमाचा इतिहास आम्हांस बोधप्रद वाटला. तो वाचकांपुढें ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ऑपेऱ्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या संगीत नाटकांत गद्य संवाद आणि पदें हीं आळीपाळीनें येतात. पात्र बोलतां बोलतां गाऊं लागतें. ऑपेऱ्यांत बहुधा सगळा व्यवहारच गाण्यांतून चालतो. भांडण, कारस्थान, पत्र वाचणें, निरोप घेणें, मरणें, सर्व कांहीं गाऊन. गायकाच्या पुढें मोठा वादकवर्ग बसलेला असतो. त्याच्या नादांतून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोंचवावयाचा, तोहि परंपरेनें ध्वनिवर्धकाच्या मदतीवांचून. भाषा इतालियन, जर्मन किंवा फ्रेंच, म्हणजे पुष्कळदां परकी. आणि हें चालूं असतांनाच तलवार खेळावयाची, जिना चढावयाचा, रडावयाचें. शिवाय मानवी कंठ घाईला दाद देत नाहीं. भारदस्त आवाज तिशीच्या सुमारास पक्व होतो. संगीतविद्यालयाची पदवी मात्र बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षीं हातीं पडते. मधल्या वर्षांत त्या गायकानें काय करावें, हा ऑपेऱ्याच्या जगांतला जुना प्रश्न आहे.

युरोपानें त्याचीं उत्तरें आपापल्या परीनें शोधलीं. नेपल्स शहरांत सोळाव्या शतकापासून अनाथ मुलांसाठीं जीं आश्रयस्थानें निघालीं त्यांस 'कॉन्सर्वातोरिओ', म्हणजे जतन करण्याची जागा, असें म्हणत. तेथील मुलांस पुढें संगीत शिकवूं लागले. मुलें चर्चमध्यें आणि मिरवणुकींत गात, आणि त्या मिळकतीचा संस्थेच्या खर्चास हातभार लागे. संगीतविद्यालयास आज जगभर रूढ असलेला 'कॉन्झर्व्हेटरी' हा शब्द या अनाथाश्रमांतून आलेला आहे. शिकणें आणि कमावणें हीं दोन्ही तेथें एका छपराखालीं होतीं. जर्मनींत निराळी वाट पडली. तेथील लहानमोठ्या शहरांनीं सार्वजनिक खर्चानें नाट्यगृहें चालविलीं आणि त्यांत पगारी गायकवर्ग कायमचा ठेविला. नवा गायक तेथें दूताचें, चाकराचें काम करीत करीत वर चढे.

अमेरिकेंत अशी सोय फारच थोडी होती. न्यूयॉर्कचें मेट्रोपॉलिटन ऑपेरागृह १८८३ सालीं उघडलें आणि वैभवानें युरोपशीं स्पर्धा करूं लागलें; परंतु तेथील प्रमुख गायक बहुतांशीं युरोपांतूनच येत. देशांत संगीतविद्यालयें निघालीं, उत्तम कंठ तयार होऊं लागले, पण त्या कंठांस पाऊल टाकावयास पायरी नव्हती. अनुभव नाहीं म्हणून काम नाहीं, आणि काम नाहीं म्हणून अनुभव नाहीं, अशी ही अडचण होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक अमेरिकन तरुण गायकांनीं जर्मनीची वाट धरली. ज्यांचे देश युद्धांत जिंकले त्यांच्याच गांवांत जाऊन उमेदवारी करण्याची ही पाळी होती.

या कोंडींतून वाट काढण्याचा एक मोठा प्रयत्न मॅसॅच्युसेट्समधील टँगलवुड येथें झाला. बोस्टन वाद्यवृंदाचे संचालक सर्गेई कुसेवित्स्की यांनीं १९४० सालीं तेथें उन्हाळी संगीतशाळा उघडली. तिच्यांतील ऑपेरा विभागाची सूत्रें बोरिस गोल्डोव्स्की यांजकडे आलीं. गोल्डोव्स्की यांचा एक आग्रह लक्षांत ठेवण्याजोगा आहे. गायकानें वाद्यवृंदाच्या संचालकाकडे टक लावून गाऊं नये. ताल अंगांत इतका मुरवावा कीं डोळे समोरच्या पात्रासाठीं मोकळे राहिले पाहिजेत, असें ते शिकवीत. आमच्या विद्यार्थिनीची अडचण नेमकी हीच नव्हती काय? १९४६ सालच्या ६ ऑगस्ट रोजीं या शाळेनें बेंजामिन ब्रिटन यांचा 'पीटर ग्राइम्स' हा ऑपेरा अमेरिकेंत प्रथम रंगभूमीवर आणला. संचालन करणारे लिओनर्ड बर्नस्टाइन तेव्हां सत्तावीस वर्षांचे होते, आणि गाणारे होते विद्यार्थी. प्रयोग मोठाच, परंतु ही अखेर शाळा होती. येथें विद्यार्थी विद्यार्थ्यांबरोबर गात. मुरलेल्या व्यावसायिकांच्या खांद्यास खांदा लावून, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढें, रोजच्या रोज उभें राहण्याचा प्रश्न शिल्लकच राहिला.

त्याचें उत्तर ज्यांनीं शोधलें त्यांचें नांव जॉन क्रॉस्बी (१९२६–२००२). जन्म न्यूयॉर्कचा, पण बालपणीं प्रकृतीच्या कारणास्तव त्यांस न्यू मेक्सिको संस्थानांतील लॉस अलामॉस येथील निवासी शाळेंत ठेविलें होतें. हीच जागा पुढें महायुद्धांत सरकारनें अणुबाँबच्या संशोधनासाठीं ताब्यांत घेतली. त्या उंच, कोरड्या मुलखाची ओढ क्रॉस्बी यांस कायमची लागली. येल विद्यापीठांत त्यांनीं पॉल हिंडेमिट यांजजवळ संगीतरचनेचें अध्ययन केलें, आणि तिशीच्या उंबरठ्यावर असतां आईवडिलांकडून दोन लक्ष डॉलरचें कर्ज घेऊन सांता फे शहराच्या उत्तरेस एक जुनें कुरण विकत घेतलें. सांता फे म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे सात हजार फुटांवरचें लहानसें राजधानीचें शहर. नाट्यगृहासाठीं नेमकी जागा ठरवितांना टेकड्यांत बंदुकीचे बार काढून नाद कोठें उत्तम उमटतो तें पाहिलें, असें सांगतात.

३ जुलै १९५७ रोजीं त्या उघड्या नाट्यगृहांत पुच्चिनीच्या 'मादाम बटरफ्लाय'नें पहिला हंगाम सुरू झाला. आसनें अवघीं ४८०. जुलै-ऑगस्ट हे त्या भागांतील वळवासारख्या सरींचे महिने. त्यामुळें पावसाची आणि वाऱ्याची पर्वा न करणारे प्रेक्षकच तेथें टिकले. पहिल्याच हंगामांत मोत्सार्ट, रोसिनी, श्ट्राउस यांच्या कृतींबरोबर इगॉर स्ट्राविन्स्की यांचा 'द रेक्स प्रोग्रेस' हा ऑपेरा झाला. पंचाहत्तर वर्षांचे स्ट्राविन्स्की त्यासाठीं स्वतः सांता फे येथें आले, आणि पुढेंहि अनेक उन्हाळे येत राहिले.

परंतु आमच्या दृष्टीनें त्या हंगामांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट जाहिरातींत ठळक अक्षरांत छापण्याजोगी नव्हती. क्रॉस्बी यांनीं आरंभापासूनच मंडळींत तरुण गायकांचा एक वर्ग उमेदवार म्हणून घेतला. या उमेदवारांनीं प्रत्येक ऑपेऱ्याच्या कोरसमध्यें गावयाचें, लहान भूमिका करावयाच्या, आणि मोठ्या भूमिका पाठ करून बदली पात्र म्हणून सज्ज राहावयाचें. त्याचबरोबर त्यांस कंठाचें, भाषांच्या उच्चाराचें, हालचालीचें आणि अभिनयाचें शिक्षण मिळे. १९६५ सालीं हीच योजना पडद्यामागील मंडळींस, म्हणजे देखावे, प्रकाश, पोशाख यांचें काम शिकणाऱ्यांस, लागू झाली. हंगामाच्या अखेरीस ऑगस्टमध्यें उमेदवार निवडक प्रवेश सादर करितात. पडद्यामागचें सारें कामहि उमेदवारच पाहतात, आणि ठिकठिकाणच्या ऑपेरामंडळ्यांचे चालक ते ऐकावयास येतात. मोठ्या गायकाची तालीम पडद्याच्या कडेला उभें राहून पाहणें, त्यांचा घसा बसला असतां ते काय करितात हें जवळून न्याहाळणें, पंचवीस प्रयोगांत पंचवीस वेळां तोच कोरस नव्यानें म्हणणें, हें कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत नाहीं. त्याच वर्षीं, १९५७ सालीं, सान फ्रान्सिस्कोच्या ऑपेरामंडळीनेंहि मेरोला यांच्या नांवें उन्हाळी शिक्षणक्रम सुरू केला. कल्पनेची वेळच आली होती, असें म्हणावें लागतें.

या संस्थेची कसोटी दहाव्या वर्षानंतर लागली. १९६७ सालच्या २६ जुलैस हिंडेमिट यांच्या, म्हणजे क्रॉस्बी यांच्याच गुरूंच्या, 'कार्डियाक' या ऑपेऱ्याचा अमेरिकेंतील पहिला प्रयोग झाला. त्यानंतर कांहीं तासांतच, २७ तारखेच्या पहाटे, नाट्यगृह आगींत जळून गेलें. हंगाम अर्ध्यावर होता. मंडळीनें काम थांबविलें नाहीं. उरलेले प्रयोग शहरांतील एका शाळेच्या व्यायामशाळेंत केले, आणि पुढच्या उन्हाळ्यांत नवें नाट्यगृह उभें राहिलें. १९९८ सालीं त्याच्या जागीं तिसरें बांधलें; त्याच्या बाजू आजहि उघड्या आहेत. इमारत जळाली तरी मंडळी टिकली, याचें एक कारण आम्हांस असें वाटतें कीं तिचें भांडवल लाकडांत नव्हतें. एकत्र काम करण्याची संवय झालेल्या माणसांत होतें.

फळ काय मिळालें? सॅम्युएल रॅमी हे कॅन्सासच्या कोल्बी या लहान गांवचे. येथें उमेदवारी करून पुढें आपल्या काळांतील अग्रगण्य खर्ज-गायकांत गणले गेले. शेरिल मिल्न्झ इलिनॉयमधील गोठ्यावर वाढलेले. तेहि येथलेच उमेदवार. जॉइस डिडोनाटो यासुद्धां कॅन्सासच्या. त्यांनीं १९९५ सालीं येथें उमेदवारी केली, आणि २०१३ सालीं रोसिनीच्या 'ला दोन्ना देल लागो'ची नायिका म्हणून त्याच रंगभूमीवर पाऊल ठेविलें. या मंडळींचीं गांवें पाहिलीं म्हणजे मुद्दा ध्यानांत येतो. ज्यांच्या घरापासून न्यूयॉर्कचें ऑपेरागृह शेंकडों मैल दूर, त्यांस ही पायरी उपयोगी पडली.

या चित्राची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. उमेदवारांच्या कोरसमुळें मंडळीचा खर्च वांचतो हें उघड आहे. अर्ज करणारे पुष्कळ, घेतले जाणारे थोडे. आणि घेतलेल्यांपैकीं सर्वच प्रमुख गायक होत नाहींत. शिक्षणाच्या नांवाखालीं स्वस्तांत काम करून घेण्याचा मोह प्रत्येक उमेदवारींत दडलेला असतो. तो आवरण्याचा उपाय एकच: शिकविण्याचें वचन कामाइतक्याच काटेकोरपणें पाळलें पाहिजे, आणि राबणाऱ्यास वेतन दिलें पाहिजे.

हा धोका आपल्यास अपरिचित नाहीं, कारण अशी शाळा महाराष्ट्रांत सांता फेच्या पाऊणशें वर्षें आधीं होती. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, आणि त्यांच्या नाटकमंडळीबरोबरच एक विद्यालय जन्मास आलें. मंडळी गांवोगांव बिऱ्हाड हलवी, मुलें मंडळींतच जेवत, तेथेंच तालीम घेत, आज सखी तर उद्यां नायिका असें चढत जात. १९०५ सालीं नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व किर्लोस्कर मंडळींत आले. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाची तालीम त्यांस लाभली. परंतु हेच भास्करबुवा बालपणीं त्याच मंडळींत नट होते, आणि आवाज फुटतांच त्यांस मंडळी सोडावी लागली होती, हेंहि विसरतां कामा नये. त्यांनीं पुढें उस्तादांच्या पायांशीं बसून गाणें मिळविलें म्हणून ते भास्करबुवा झाले. ज्यांस उस्ताद भेटले नाहींत अशा मुलांचीं नांवें इतिहासांत नाहींत.

१९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि त्या दशकांत एकामागून एक नाटकमंडळ्या मोडल्या. पदें तबकड्यांवर राहिलीं. अजूनहि घरोघर ऐकूं येतात. 'मत्स्यगंधा', 'कट्यार काळजांत घुसली' यांसारखीं उत्तम संगीत नाटकेंहि नंतर झालीं. परंतु मुलास ठेवून घेऊन, खाऊं घालून, लहान भूमिकेपासून वर नेणारी शाळा म्हणून नाटकमंडळी पुन्हा तशी उभी राहिली नाहीं. आपण पदें जतन केलीं आणि तीं जेथें शिकावयाचीं ती जागा गमावली. अमेरिकेजवळ ऐकावयास तबकड्या होत्या, शिकावयास विद्यालयें होतीं. उणीव ओळखून त्यांनीं नेमकी मधली जागा बांधली.

ती बांधण्यास दोन लक्ष डॉलरच लागतात असें नाहीं. आजहि प्रयोग करणारी एखादी नाट्यसंस्था उन्हाळ्याच्या सुटींत दीड-दोन महिने आठदहा तरुण-तरुणींस आपल्याबरोबर ठेवूं शकेल. त्यांस सखीचें, हुजऱ्याचें काम द्यावें, जेवूं घालावें, थोडें वेतन द्यावें, आणि तालमीच्या वेळीं कडेला उभें राहूं द्यावें. शिकविण्याचा वेळ ठरवून द्यावा व तो मोडूं नये. ज्येष्ठ गायक-नट अद्याप आपल्यांत आहेत तोंवरच हें शक्य आहे. त्यांच्यानंतर राहतील त्या केवळ तबकड्या.

संमेलन आटोपल्यावर त्या विद्यार्थिनीनें आम्हांस विचारलें, "सर, हें शिकायला मी जाऊं तरी कोठें?" इतिहास शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं, पण तिला सांगण्यासारखा एकहि पत्ता आम्हांस त्या वेळीं आठवला नाहीं. कोणा वाचकास तो ठाऊक असल्यास, किंवा निर्माण करण्याची उमेद असल्यास, या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.