हुकूम आणि आज्ञा

1860 च्या भारतीय दंडसंहितेत 76 व्या कलमाखाली एका ओळीचे उदाहरण आहे. वरिष्ठाच्या हुकमावरून, कायद्याच्या आज्ञेला अनुसरून, एक शिपाई जमावावर गोळी झाडतो. त्याने गुन्हा केलेला नाही. 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 14 व्या कलमातही ते कायम आहे.

ही ओळ मराठीत आणताना अनुवादक अडखळतो. हुकूम आणि आज्ञा आपण एकाच अर्थाने वापरतो. इथे मात्र हुकूम अधिकाऱ्याचा आहे आणि आज्ञा कायद्याची. दोन्ही जुळल्या तरच शिपाई निर्दोष. शिवाय हे कलम वस्तुस्थितीबद्दलची प्रामाणिक चूक माफ करते, कायद्याबद्दलची नाही. म्हणजे पलटणीत सर्वांत खाली असलेल्या माणसाने, बंदूक रोखलेली असताना, कायदा ओळखायचा.

13 एप्रिल 1919 रोजी जालियनवाला बागेत 50 शिपायांनी सुमारे दहा मिनिटांत 1,650 गोळ्या झाडल्या. हंटर समितीने जनरल डायरची उलटतपासणी घेतली. गोळ्या झाडणाऱ्यांपैकी एकावरही खटला चालला नाही. इतिहासात ते केवळ आकडा म्हणून उरले.

अकरा वर्षांनी, एप्रिल 1930 मध्ये, पेशावरला रॉयल गढवाल रायफल्सचे हवालदार चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या सोबत्यांनी निःशस्त्र पठाणांवर गोळ्या झाडायला नकार दिला. अबोटाबादला कोर्टमार्शल झाले. बॅरिस्टर मुकुंदीलाल यांनी बचाव केला, तरी चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. सुटका 1941 साली.

गांधीजींनीही या नकाराची पाठराखण केली नाही. 1931 साली लंडनमधल्या एका मुलाखतीत त्यांनी याला शपथभंग म्हटले. आज शिपायांना अवज्ञा शिकवली, तर उद्या आपल्या राज्यातही ते तेच करतील, ही त्यांची धास्ती होती. अहिंसेच्या पुरस्कर्त्यालाही शासनाची गरज दिसत होती, हे नजरेआड करता येत नाही.

स्वतंत्र भारताच्या 1950 च्या सेना अधिनियमातले 41 वे कलम 'कायदेशीर' हुकूम मोडण्यालाच गुन्हा मानते. नकाराला जागा आहे ती त्या एका विशेषणात. पण हुकूम कायदेशीर होता की नाही, हे ठरते नंतर, न्यायालयात. तोवर जोखीम शिपायाची एकट्याची. बागेतल्या पन्नास जणांना कायद्याने काहीच विचारले नाही. पेशावरच्या हवालदाराला विचारले, ते हुकूम का मोडलास एवढेच.