देवमाशाची नोंद कोणी ठेवली?

पेण आणि रोहे ही समुद्रकाठची गावे नव्हेत. परंतु समुद्र त्यांच्यापर्यंत चालत येतो. पेणला तो धरमतरच्या खाडीतून अंतोरे बंदरापर्यंत येई. रोहे आणि अष्टमी यांच्यामधून वाहणारी कुंडलिका पुढे रेवदंडा व कोर्लई यांच्यामध्ये समुद्राला मिळते आणि भरतीचे पाणी याच वाटेने आत येते. पक्क्या सडका होण्यापूर्वी इकडचे भात आणि मीठ मुंबईस गेले ते पडावांतून व मचव्यांतून. पिढ्यान्‌पिढ्या शीड उभारणाऱ्या या तांडेलांना खाडीच्या तोंडाशी डॉल्फिन भेटले असणार, आणि क्वचित बाहेरच्या पाण्यात देवमासाही. त्या भेटीचे वर्णन मराठीत कोठे आहे? विद्यार्थ्यांना 'साहित्यातील समुद्र' शिकवताना हा प्रश्न आम्हांला वारंवार पडला आहे.

शोध संस्कृतापासून सुरू करावा लागतो. 'तिमि' आणि त्यालाही गिळणारा 'तिमिंगिल' हे महाकाव्यांतून परिचित आहेत. पण ते बहुधा समुद्राच्या भयानकतेचे अलंकार म्हणून येतात. कालिदासाचे तसे नाही. 'रघुवंशा'च्या तेराव्या सर्गात राम सीतेला समुद्र दाखवतो, तेव्हा नदीमुखाशी जीवजंतूंसह पाणी तोंडात घेणारे, मग जबडे मिटून मस्तकावरच्या छिद्रांतून पाण्याच्या धारा वर उडवणारे तिमि तो वर्णितो. तोंडातले पाणी डोक्यातून बाहेर पडत नाही, वर उडतो तो उच्छ्वास, हे आज आपल्याला ठाऊक आहे. परंतु पाण्यासकट भक्ष्य घेऊन तोंड मिटण्याची क्रिया दातांऐवजी झालर असणाऱ्या देवमाशांची नेमकी रीत आहे. कोणीतरी हे पाहिले होते आणि ते कवीपर्यंत पोहोचले होते. मात्र राम हे दृश्य पाहतो पुष्पक विमानातून. नावेत बसलेल्या माणसाची भीती त्या श्लोकात नाही.

ती भीती परकीयांनी लिहिली. इ.स.पूर्व 325 मध्ये शिकंदराचा आरमारप्रमुख निआर्कस सिंधूच्या मुखाकडून इराणी आखाताकडे निघाला असता मकरानच्या किनाऱ्याजवळ समुद्रातून पाण्याचे फवारे उठताना दिसले. हे देवमासे आहेत असे वाटाड्यांनी सांगताच खलाशांच्या हातांतून वल्ही गळून पडली. निआर्कसने जहाजे लढाईच्या रांगेत लावली, आरोळ्या ठोकायला आणि तुताऱ्या फुंकायला लावले. देवमासे बुडी मारून मागच्या बाजूस वर आले आणि खलाशांनी टाळ्या पिटल्या. हा वृत्तान्त एरियनने आपल्या 'इंडिका'त सांगितला आहे. येथे वाटाडे स्थानिक होते हे ध्यानात ठेवावे. त्यांना ते फवारे नवे नव्हते. लेखणी मात्र ग्रीकांच्या हाती होती.

अरबांची नोंद तर आमच्या अंगणापर्यंत येते. इ.स. 851 च्या सुमाराच्या 'अखबार अल्-सीन वल्-हिंद' या ग्रंथात 'वाल' नावाच्या प्रचंड माशाचे वर्णन आहे. त्याच्या भयाने खलाशी रात्री लाकडी पट्ट्या बडवीत राहतात. आणि एक हातभर लांबीची मासोळी त्याच्या कानाच्या मुळाशी चिकटून त्याचा प्राण घेते, अशी कथाही तेथे आहे. मसूदीनेही या माशाविषयी लिहिले. हाच मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी सैमूरास, म्हणजे कुंडलिकेच्या मुखावरील चौलास, येऊन गेला होता. शिलाहारांचा जंझ राजा आणि तेथे वसलेले मुसलमान व्यापारी यांची त्याने नोंद ठेवली. ज्या जहाजांवर त्या पट्ट्या बडवल्या जात, त्यांतली काही चौलच्या बंदरात नांगर टाकत असतील.

आणि चौलचे कोळी? त्यांच्याकडून आपल्याला शब्द मिळाले. डॉल्फिनला मच्छीमार 'गादा' म्हणतात. ग्रंथांतला 'शिंशुक' त्यांच्या तोंडी नाही. 'देवमासा' हा शब्द तर शास्त्रदृष्ट्या चुकीचाच, कारण तो प्राणी मासा नव्हे, पिलांना दूध पाजणारा आहे. तरीही त्यातला 'देव' आम्हांला मोलाचा वाटतो. ग्रीक खलाशांना ज्याच्याशी लढाईची रांग लावावीशी वाटली, त्याला आमच्या भाषेने देवाचे नाव दिले.

वर्णन नाही याचे कारण अनुभवाचे दारिद्र्य खचितच नव्हे. नाव हाकणारा आगरी-कोळी समाज आणि लिहिणारा समाज हे या तालुक्यांत वेगळे होते. खाडी एकच असली तरी तिच्या काठी दोन आयुष्ये चालली. रोह्यात बालपण गेलेल्या चिंतामणराव देशमुखांनी कालिदास मराठीत आणला, तोही 'मेघदूत'. त्यातला मेघ रामगिरीहून उत्तरेस जातो. त्याच्या वाटेत समुद्र नाही! (हा दोष अर्थात देशमुखांचा नव्हे.)

विसाव्या शतकात नोंद कोणी ठेवली, हे पाहिले की मन विषण्ण होते. अरबी समुद्रातले हम्पबॅक देवमासे इतर ठिकाणच्या भाईबंदांप्रमाणे ध्रुवाकडे स्थलांतर करीत नाहीत. बारा महिने येथेच राहतात. 1960च्या दशकात, मुख्यत्वे 1966 साली, सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांलगत असे 242 देवमासे बेकायदा मारले. ही कत्तल दडवलेली होती. 1990च्या दशकात खुद्द तिकडच्याच शास्त्रज्ञाने आकडे प्रसिद्ध केले. आज ओमानच्या किनाऱ्यालगत ते शंभराच्या आतच उरले असावेत, असा अंदाज आहे.

2015 च्या उन्हाळ्यात सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळ अभ्यासकांना निळे देवमासे दिसले, आणि सुमारे शंभर वर्षांनी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ते दिसल्याचे वृत्तपत्रांनी लिहिले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, जूनअखेर, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर 42 फुटी निळा देवमासा येऊन लागला. त्याला पाण्यात परत लोटण्याचे प्रयत्न झाले; दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. निळ्या देवमाशाच्या मानाने ही लांबी लहानच, म्हणजे ते वयात न आलेले पिल्लू असावे. मसूदीच्या सैमूराशेजारी घडलेली ही गोष्ट मराठीत लिहिली गेली ती वार्ताहरांकडून.

आता धरमतरच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल वाहणाऱ्या बार्ज ये-जा करतात. देवमाशांचे आणि डॉल्फिनचे जग प्रामुख्याने कानांचे आहे. जहाजांच्या पंख्यांचा आवाज त्यांच्या हाका बुजवतो, हे शास्त्रज्ञ सांगतात. अरब खलाशी लाकडी पट्ट्या बडवीत ते वाल दूर राहावा म्हणून, आणि तेही रात्रीपुरते.

डिसेंबर 2018 पासून महाराष्ट्रात एक योजना आहे. जाळ्यात डॉल्फिन, देवमासा, कासव असा संरक्षित प्राणी सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी भरपाई मिळते. त्यासाठी छायाचित्रे जोडून अर्ज करावा लागतो: प्राणी कोणता, सुटका कशी केली. अर्ज मराठीत असतो आणि लिहिणारा नावेवरचा असतो. ती कागदपत्रे रद्दीत जाण्यापूर्वी कोणा मराठीच्या विद्यार्थ्याने एकदा वाचावीत, असे आम्हांला वाटते.