दुष्काळी अन्नमान आणि उपाशी देह : बारामती व इंदापूर (1876-78)

प्रस्तावना
पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील इंदापूर व तत्कालीन भीमथडी (आजची बारामती तीत मोडे) हे पर्जन्यछायेतील तालुके होत. मे 1875 मध्ये सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला. या दुष्काळाचा अभ्यास प्रामुख्याने शेतसारा, कर्जबाजारीपणा व मृत्युसंख्या या अंगांनी झाला आहे. जगून राहिलेल्या देहाची झीज मात्र दुर्लक्षित राहिली. प्रस्तुत लेखात तिचा विचार केला आहे.

अन्नमानाचा वाद
जानेवारी 1877 मध्ये लॉर्ड लिटन यांचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषास दररोज एक पौंड (सुमारे 454 ग्रॅम) धान्य व वरखर्चास अर्धा आणा पुरेसा मानला. मुंबई इलाख्यात या कपातीविरुद्ध हजारो मजुरांनी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीही हे मान अपुरे ठरविले.

आधुनिक संशोधनाच्या प्रकाशात
एक पौंड ज्वारीतून सुमारे 1500 ते 1600 किलोकॅलरी ऊर्जा मिळते. मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी पुरुषांना जवळपास इतक्याच ऊर्जेच्या आहारावर 24 आठवडे ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले, औदासीन्य वाढले. दुष्काळी मजूर तर खडी फोडीत व माती वाहत होता.

अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजनवाढीच्या भीतीने अन्न टाळण्याचा मानसिक आजार, समजून घेताना याच प्रयोगाचा आधार घेतला जातो. विल्यम गल यांनी 1873 मध्ये लंडनमध्ये या आजाराची मांडणी केली. पेशींना इजा करणारे ऑक्सिडीकारक घटक व त्यांना आवर घालणारी अँटिऑक्सिडंट द्रव्ये यांचा तोल ढळणे म्हणजे ऑक्सिडीकरण ताण. या रुग्णांत असा ताण अनेक अभ्यासांत आढळला असला, तरी सर्व निष्कर्ष एकसारखे नाहीत. बालकांच्या तीव्र कुपोषणाबाबत गोल्डन व रामदत यांनी 1987 मध्ये हाच विचार मांडला. तथापि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मलावीतील चाचणीत केवळ अँटिऑक्सिडंट देऊन सूजयुक्त कुपोषण टळले नाही.

निष्कर्ष
आजारातील उपासमार आणि शासनाने ठरविलेली उपासमार यांची कारणे भिन्न आहेत. 1877 च्या मजुरांचे रक्त कोणी तपासले नाही, म्हणून दोन्हींचे परिणाम सरसकट एक मानता येणार नाहीत. परंतु मृत्यू टळला म्हणजे आहार पुरेसा होता, हे टेंपल यांचे गृहीतक आज टिकत नाही. 1885 मध्ये नीरा डावा कालवा सुरू होऊन या तालुक्यांस पाणी मिळाले. मजुरांची मागणी त्याआधीची व साधी होती : पोटभर अन्न. शास्त्राला तिची सत्यता उमगण्यास पुढे अनेक दशके लागली.