शांतता नकाशातच आखावी लागते

दिल्ली–मेरठ द्रुतगती महामार्ग १ एप्रिल २०२१ रोजी पूर्ण लांबीने वाहतुकीस खुला झाला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी साहिबाबाद–दुहाई टप्प्यावर ‘नमो भारत’ गाडीचे उद्घाटन झाले. गाझियाबादला राजधानीच्या जवळ आणणाऱ्या अशा मार्गांलगत उंच निवासी इमारतींची दाटी आहे. तेथे नवे घर घेणारा ऊन, वारा आणि पाणी यांची चौकशी करतो; आवाजाची आठवण त्याला बहुधा राहायला गेल्यावर होते. ही चूक जुनीच आहे.

लंडनच्या चेल्सी भागात राहणारा इतिहासकार थॉमस कार्लाइल शेजारच्या कोंबड्यांना आणि पियानोंना इतका कंटाळला, की १८५३ मध्ये त्याने घराच्या माथ्यावर ध्वनिरोधक अभ्यासिका बांधायला घेतली. दुहेरी भिंती घातल्या, उजेडासाठी छतात काचेचा झरोका ठेवला. जवळचे आवाज मंदावले. पण आगगाडीच्या शिट्ट्यांसारखे दूरचे आवाज पूर्वी कधी नव्हते इतके ऐकू येऊ लागले. खर्च झाला, श्रम झाले. शास्त्र मात्र अजून जन्मायचे होते.

त्या शास्त्राचा पाया अमेरिकेत घातला गेला. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द निनादात बुडून जात. तरुण भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन याने खुर्च्यांवरच्या गाद्या तेथे आणून, रात्रीच्या शांततेत निनादाचा काळ मोजला. खोलीचे घनफळ व तिची शोषणक्षमता यांवर निनादकाल ठरतो, हे त्याने दाखवून दिले.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. गाद्या, पडदे वा फोम खोलीतला निनाद कमी करतात. शेजाऱ्याचा आवाज ते फारसे अडवत नाहीत. आवाज अडवण्यासाठी वस्तुमान लागते. एकेरी भिंतीचे वजन दुप्पट केले, तर तिचा रोध साधारण ५ ते ६ डेसिबलने वाढतो. पुण्याच्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत हा गुण आपोआप होता. आजच्या इमारतींत सांगाड्यावरचा भार हलका करण्यासाठी एएसी ब्लॉक वापरतात. त्यांची घनता विटेच्या सुमारे एक-तृतीयांश. उष्णता ते चांगली अडवतात; पण तेवढ्याच जाडीत आवाज अडवण्याची त्यांची शक्ती कमी पडते.

त्याहून घातक असते ती फट. ५० डेसिबल रोधणाऱ्या भिंतीचा केवळ एक टक्का भाग उघडा राहिला, तरी एकूण रोध २० डेसिबलच्या आसपास येतो. खिडकीच्या चौकटीची सैल कड किंवा दाराखालची पट्टी साऱ्या भिंतीचे काम वाया घालवू शकते.

भारतात हे ज्ञान उशिरा आले असे नाही. निवासी व अन्य बिगर-औद्योगिक इमारतींच्या ध्वनिरोधाची भारतीय मानक संहिता १९६२ ची. राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० मध्ये निघाली. तिच्या २०१६ च्या आवृत्तीत ध्वनिनियंत्रणाला स्वतंत्र विभाग आहे. परंतु ही संहिता मुळात मार्गदर्शक. स्थानिक नियमांनी स्वीकारली तरच ती बंधनकारक ठरते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. पण ती परिसरातील आवाजाची. दोन घरांमधली भिंत कशी असावी, हे त्या नियमांत नाही.

म्हणून निर्णय कागदावरच व्हायला हवा. रस्त्याच्या अंगाला जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर; आतल्या अंगाला शयनगृह. उद्वाहनाचा कूपक आणि सांडपाण्याचे नळ उशाच्या भिंतीला लागून नकोत. वरच्या घरातील पावलांचा आवाज अडवायचा, तर लादीखाली लवचीक थर बांधकामाच्या वेळीच घालावा लागतो. नकाशावर खोलीची जागा बदलणे म्हणजे पेन्सिलीची एक रेघ. घर उभे राहिल्यावर त्याच रेघेसाठी भिंत फोडावी लागते. कार्लाइलपाशी हे शास्त्र नव्हते. आपल्यापाशी ते आहे. घराचा नकाशा पाहताना ते विचारात घेतले जात नाही, एवढेच.