तापमापन, चुंबकीय अनुस्पंदनीय
शरीरात कोणतेही उपकरण न खुपसता आतील ऊतकांच्या (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांच्या) तापमानातील बदल चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांच्या साहाय्याने मोजण्याची पद्धत.

जर्मन वैद्य कार्ल व्हुंडरलिख यांचा रुग्णांच्या तापमानावरील ग्रंथ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर ज्वरमापकाचा वापर रूढ होत गेला. तथापि त्याने तोंडातील वा काखेतील तापमान कळते, मेंदूच्या अंतर्भागातील नव्हे. अर्बुदे उष्णतेने नष्ट करण्याच्या उपचारांत ही उणीव विशेष जाणवली. त्यासाठी आत घातलेल्या सुईसारख्या तापमापकांनी मोजक्याच बिंदूंचे तापमान मिळे. मधले निरोगी ऊतक भाजत आहे किंवा कसे, ते समजत नसे.

पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय अनुस्पंदनाने प्रतिमा मिळविल्यावर नवा मार्ग खुला झाला. डेनिस पार्कर व त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये प्रोटॉनांच्या शिथिलन कालावरून, तर दनी ल बीआं व इतरांनी १९८९ मध्ये पाण्याच्या रेणूंच्या विसरणावरून तापमान काढले. अधिक उपयुक्त ठरला तो मात्र एक जुनाच गुणधर्म. जे. सी. हिंडमन यांनी १९६६ मध्ये पाण्यातील प्रोटॉनांच्या अनुस्पंदनात तापमानानुसार पडणाऱ्या फरकाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, तोही वैद्यकाचा विचार मनात न ठेवता. पाणी तापले की रेणूंमधील हायड्रोजन बंध शिथिल होतात, इलेक्ट्रॉन प्रोटॉनाला चुंबकीय क्षेत्रापासून अधिक झाकतात आणि त्याची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) घटते. ही घट १° से. ला सु. दहा कोटींत एक भाग, म्हणजे १·५ टेस्ला क्षेत्रात सु. ६·४ कोटी कंपनांमागे जेमतेम ०·६४ असते. जपानमधील यासुतोशी इशिहारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रतिमेतील कलेच्या फरकावरून ती जलद मोजून दाखविली.

यामुळे केंद्रित श्राव्यातीत ध्वनीने त्वचा न कापता उपचार करणे शक्य झाले. अमेरिकेत अशा उपकरणास गर्भाशयातील तंतुअर्बुदांसाठी २००४ मध्ये व कंपविकारासाठी २०१६ मध्ये मान्यता मिळाली. कंपविकारात थॅलॅमसमधील लक्ष्य प्रथम सौम्य तापवितात. जागा योग्य असल्याची व कंप कमी होत असल्याची खात्री झाल्यावरच तापमान ५५°–६०° से. पर्यंत नेतात. तेथे झालेली इजा कायमची असते.

या पद्धतीने प्रत्यक्ष तापमान नव्हे, तर आधीच्या प्रतिमेच्या तुलनेत झालेला बदल कळतो; त्यामुळे साध्या ज्वराच्या निदानास ती निरुपयोगी आहे. चरबीतील प्रोटॉनांत हायड्रोजन बंधांचा हा परिणाम होत नसल्याने स्तनासारख्या मेदयुक्त भागात मापन बिघडते. श्वासोच्छ्‌वासाबरोबर हलणाऱ्या यकृतात तर दोन प्रतिमांमधील तुलनाच कठीण होते.