आमच्या तरुणांची धंदेनिवड : एक पूर्ववृत्त

प्रस्तुत महोत्सव-अंकासाठी जुनी दप्तरे चाळीत असता आपल्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या वह्या पुन्हा एकवार हाती आल्या. या वह्यांत मुलाचे नाव, आईबापांची व धर्ममातापित्यांची नावे यांच्या जोडीला बापाचा धंदा लिहिण्याचाही एक रकाना असतो. सहसा तो कोणी वाचीत नाही. या खेपेस मी मुद्दाम तोच रकाना पानोपान वाचीत गेलो. साचेवाला, फिटर, रेल्वेतील खलाशी, कारकून, आचारी. पुन्हा साचेवाला, पुन्हा फिटर. पंचवीस-तीस वर्षांनी तोच मुलगा बाप होऊन वहीत येतो, आणि त्याच्या नावापुढे बहुधा त्याच्या बापाचाच धंदा लिहिलेला आढळतो. हे पाहून मनात आले की, "तुला काय करावेसे वाटते?" असे या मुलांना कधी कोणी विचारले असेल काय? या लहानशा प्रश्नाचा परळ, लालबाग, दादर व गिरगाव या आपल्या भागांतील इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे शहरातील पहिल्या कापड गिरणीचा उपक्रम हाती घेतला व १८५६ साली ती चालू झाली. पुढे ताडदेवापासून परळ-लालबागपर्यंत धुराड्यांची रांग उभी राहिली. या गिरण्यांत शिरावयाचे दार एकच होते, व त्या दारात मुकादम उभा असे. इंग्रजीत ज्यास जॉबर म्हणत तोच हा. कामावर घेणारा तोच, काढणारा तोच, आणि पुष्कळदा कर्ज देणाराही तोच. बायकांच्या खात्यांत हाच अधिकार नाईकिणीकडे असे. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली व भरतीचे काम मुकादमाच्या हातून काढून लेबर ऑफिसराकडे द्यावे अशी शिफारस केली. १९३५ साली बदली कामगारांना दरमहा पहिल्या तारखेस कार्डे देण्याची योजना निघाली. तिच्यामुळे मुकादमाची सत्ता काहीशी आटोक्यात आली. परंतु मुलाचा कल कोठे आहे, हे पाहणे तिचे काम नव्हते.

मुकादमाच्या मागे आणखी एक व्यवस्था होती, ती नातलगांची व गावकऱ्यांची. कोकणातून आलेला मुलगा गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकी व ज्याच्या शेजारी झोपे त्याच्याच खात्यात कामास लागे. धोबीतलाव व गिरगावच्या बाजूस गोव्याच्या बांधवांची गावोगावची कूड होती. तेथे उतरणाऱ्यास जहाजावरील नोकरीची वार्ता प्रथम कळे. या व्यवस्थेची थट्टा करणे कृतघ्नपणाचे होईल. परक्या शहरात तिने हजारो मुलांस उपाशी राहू दिले नाही. तथापि तिला आपल्या ओळखीचे जेवढे दार, तेवढेच दाखविता येत असे.

आपल्या समाजाच्या इतिहासात तर नोकरीचा प्रश्न नावापर्यंत जाऊन पोहोचला आहे. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना झाली. गिरगाव, माझगाव, दादर, माहीम येथील मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, त्यामागे बाहेरून आलेल्या इतर ख्रिस्ती बांधवांहून आपण निराळे आहोत व सरकारी नोकरीवर आपला जुना हक्क आहे, हे दाखविण्याचा उद्देश होता. त्याच वर्षी, त्याच महोत्सवाचे स्मारक म्हणून, भायखळ्यास व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाले. १९२३ साली ते माटुंग्यास गेले, व १९९७ पासून ते वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखले जाते. एका महोत्सवाने नाव दिले आणि कारागिरीची शाळाही दिली. परंतु चाळीतील मुलाचा हात धरून त्यास त्या शाळेच्या फाटकापर्यंत नेणारा माणूस हवा होता, तो मात्र कोणत्याही महोत्सवाने आपोआप मिळत नाही.

असा माणूस नेमावा ही कल्पना जगात फार जुनी नाही. इटलीत तुरिन शहरी संत जॉन बॉस्को यांनी १८५१-५२ च्या सुमारास आपल्या मुलांकरिता कारागिरांशी लेखी करार केले. मुलास धंदा शिकवावा, त्यास घरगड्याप्रमाणे राबवू नये, मारहाण करू नये, सुट्टी द्यावी, अशी कलमे त्यांत होती. अमेरिकेत बोस्टन येथे फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली व्यवसाय-मार्गदर्शनाची कचेरी उघडली. त्यांचे म्हणणे साधे होते: मुलाने प्रथम स्वतःस ओळखावे, मग निरनिराळ्या धंद्यांची खरी माहिती मिळवावी, आणि नंतर या दोहोंचा मेळ शांतपणे घालावा. त्याच वर्षी ते वारले. त्यांचे पुस्तक १९०९ साली प्रसिद्ध झाले.

आपल्या मुंबईतही हे बीज पडले. १९३६ साली क्लिफर्ड मॅन्शर्ड या मिशनऱ्यांच्या पुढाकाराने नागपाड्यास समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. माणसाशी बोलून त्याची अडचण समजून घेणे हीदेखील शिकण्याजोगी विद्या आहे, हे तिने येथे रुजविले. १९४१ साली बाटलीबॉय व्यवसाय-मार्गदर्शन केंद्र सुरू झाले. १९४७ साली पारशी पंचायतीने आपल्या तरुणांकरिता स्वतंत्र मार्गदर्शन केंद्र काढले. १९५० च्या सुमारास मुंबई सरकारनेही हे काम अंगावर घेतले. यात पारशी समाजाचे उदाहरण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. समाज लहान, परंतु सरकारची वाट न पाहता त्याने आपल्या मुलांची विचारपूस आपणच आरंभिली.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. १९४५ साली सैन्यातून परतणाऱ्या लोकांसाठी सरकारने नोकरी-विनिमय कचेऱ्या उघडल्या व पुढे त्या सर्वांसाठी खुल्या झाल्या. तेथे नाव नोंदविले जाई. जागा निघाली की बोलावणे येई. हे काम जरुरीचे खरे, परंतु नोकरी लावणे निराळे आणि मार्ग दाखविणे निराळे. पहिल्यात रिकामी जागा आधी पाहिली जाते, दुसऱ्यात मुलगा आधी पाहिला जातो. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने व १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळाशाळांतून मार्गदर्शन व्हावे असे सांगितले. गिरणगावातील घरांना मात्र त्याची निकड भासली नाही. कारण बापाच्या ओळखीने मुलगा गिरणीत लागेल, हा भरवसा होता.

तो भरवसा १८ जानेवारी १९८२ रोजी तुटला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि हजारो कामगार पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. फिनिक्स मिलच्या जागी आज मोठा बाजार उभा आहे. भोंगा थांबला तेव्हा बापाजवळ द्यावयास ओळख उरली नाही, आणि मुलाजवळ दुसरी वाट नव्हती. आश्चर्य हे की, वाटा दूर नव्हत्या. परळास हाफकिन संस्था होती, १९२६ पासून के. ई. एम. रुग्णालय होते, रेल्वेचे कारखाने होते, माटुंग्यास तंत्रशिक्षणाचे विद्यालय होते. रुग्णालयाच्या भिंतीलगत लहानाचा मोठा झालेला मुलगाही, आत डॉक्टर व नर्सखेरीज आणखी किती प्रकारचे कसबी लोक लागतात, हे जाणत नसे. त्यास कोणी सांगितले नव्हते.

या दोषातून धर्मगुरूंनी स्वतःस वगळू नये. चिठ्ठी लिहून देणे हा आमचा जुना परिपाठ. सुमारे वीस वर्षांपूर्वी एक माउली आपल्या मुलास घेऊन माझ्याकडे आली. गिरणी सुटल्यापासून घरात मिळकत नव्हती. मी एका ओळखीच्या कचेरीस चिठ्ठी दिली व आठ दिवसांत मुलगा शिपाई म्हणून लागला. मला मोठे समाधान वाटले. काही वर्षांनी ती कचेरी बंद झाली आणि तो पुन्हा माझ्यासमोर येऊन बसला. रागाचा शब्द न काढता तो म्हणाला, "फादर, देवळातला लाउडस्पीकर बिघडला की तुम्ही मलाच हाक मारीत होता. माझा हात कशात चालतो हे तुम्हांला ठाऊक होते." ते मला ठाऊक होते, हे खरे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा अर्ज आणून देण्यास मला एक सकाळ पुरली असती. चिठ्ठीस पाच मिनिटे लागली, म्हणून मी चिठ्ठी लिहिली.

सेमिनरीत असता आम्हांस वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारला जात असे: तुझे पाचारण कोणते? त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक नेमलेला असे. घाई कोणी करीत नसे, आणि "हा मार्ग माझा नव्हे" असे सांगून परत जाणाऱ्यासही कोणी कमी लेखीत नसे. मग फिटराच्या मुलाने वा नर्सच्या मुलीने असा काय अपराध केला की, त्यांस हा प्रश्न एकदाही विचारला जाऊ नये?

अलीकडे साधनांची वाण नाही. २०१६ साली राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली. माहिती तर हातातल्या फोनवर येते. परंतु चाचणीचा कागद मुलाशी बोलत नाही, आणि आईबापांची भीती त्यास समजत नाही. ते काम माणसांचेच आहे. म्हणून या महोत्सवाच्या वर्षी माझी एक विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी, मिस्सानंतर, आपल्याच धर्मग्रामातील इलेक्ट्रिशियन, परिचारिका, शिक्षक, हिशेबनीस, प्रयोगशाळेत काम करणारे, स्वतःचा धंदा चालविणारे अशा जाणत्यांनी सभागृहात दोन तास बसावे. नोकरीचे आश्वासन कोणी देऊ नये. आपल्या कामात दिवसभर काय करावे लागते, ते शिकण्यास किती वर्षे व किती पैसे लागतात, एवढे खरेखरे सांगावे, आणि मुलांचे आधी ऐकून घ्यावे. ज्या आईबापांस घाई आहे त्यांनीही तेथे यावे. त्यांची घाई खोटी नसते.

बाप्तिस्म्याच्या वहीतील तो रकाना पुढेही भरला जाईल. मुलाच्या नावापुढे बापाचाच धंदा आला तरी त्यात उणेपणा मुळीच नाही. साचेवाल्याच्या व फिटराच्या घामावरच आपले हे मंदिर उभे राहिले आहे. तो धंदा त्या मुलाने विचारांती स्वीकारलेला असावा, इतकेच मागणे. परमेश्वर आपल्या तरुणांस योग्य मार्ग दाखवो, आणि आम्हां वडीलधाऱ्यांस त्यांचे ऐकून घेण्याचा धीर देवो.